पोरीची पसंती

माझ्या नणंदेच्या तोंडून ते वाक्य मी शनिवारी संध्याकाळी तिच्या नागपूरच्या घरी ऐकलं. ती मोरीजवळ उभी राहून फोनवर हळू आवाजात बोलत होती आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. "पाहुणे अकराच्या बसनं येतीन. एकदा पोरीची पसंती झाली म्हणजे झालं." मग तिनं मागं वळून मला पाहिलं आणि आवाज वाढवून म्हणाली, "हो, दूध उद्या अर्धा लिटर जास्त द्या." दूधवाल्याला कोणी पाहुण्यांची गोष्ट सांगत नाही.

त्या घरात पोरगी एकच होती, ती माझी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दोन वर्षं नागपुरात आत्याकडेच राहत होती. आम्ही खाप्याकडचे, शेतीवाले. शहरात खोली करून पोरीला एकटं ठेवायचं आमच्या घरात कोणाला पटलं नसतं. नणंद विधवा आहे, नवऱ्याच्या जागेवर ऑफिसात शिपाई म्हणून लागली, मूलबाळ नाही. ती म्हणाली, "माझ्यापाशी राहू दे," म्हणून पोरीचं शिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी तिला सोडून निघाले तेव्हा फाटकापाशी तिनं मला विचारलं होतं, "आई, मधातच मले दाखवशील त नाही?" मी म्हटलं होतं, कोर्स पुरा होईपर्यंत तुला कोणी पाहणार नाही. आयुष्यात मी फार लोकांना शब्द दिलेले नाहीत. हा दिला होता.

कारण पाहुणे एकदा पाहून गेले आणि पसंती झाली की कोणी थांबत नाही. लग्नानंतर शिकवू म्हणतात. लग्नानंतर शिकलेली मी कोणी पाहिली नाही.

शनिवारी रात्री जेवताना नणंद म्हणाली, "वहिनी, उद्या सफारी पाहायले जाऊ. वाघ पाहू. तू काही पाहिलं नाही न नागपुरातलं." नागपुरात मी वीसदा तरी आले असेन. दवाखाना पाहिला, कापसाचा बाजार पाहिला. वाघ दाखवायची आठवण तिला आताच काहून आली, असा विचार मी केला.

असा विचार मनात यायला माझं कारण आहे. मी सोळा वर्षांची असताना आई म्हणाली होती, पट पाहायला जाऊ. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. मला नवी साडी दिली, वेणी घालून दिली. पटावर एका म्हातारीनं मला पाणी मागितलं. मग म्हणाली, त्या माणसाकडून माझा चष्मा घेऊन ये. मी गेले, आणला. मग म्हणाली, सुईत दोरा ओवून दे बाई, मला दिसत नाही. मी ओवून दिला. पटावर सुई कशाला आणली, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. तीन दिवसांनी घरात पेढे आले. मी बैल पाहायला गेले होते आणि तिथं मलाच पाहिलं. चाल पाहिली, नजर पाहिली. नवरा चांगला निघाला, माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून कोणी कुठं पाहायला चल म्हटलं की मी आधी पाहते, कोण कोणाला पाहणार आहे.

रविवारी सकाळी खुणा सापडत गेल्या. पोरगी जीन्स घालून बाहेर आली तर नणंद म्हणाली, "तो निळा ड्रेस घाल न. चांगला दिसते." मला म्हणाली, जांभळी साडी नेस. स्वतः तर तिनं कोणती नेसू म्हणून तीन साड्या पलंगावर पसरल्या होत्या. मला वाटलं, मुलीच्या बाजूचं माणूस म्हणून नीटनेटकी जाते आहे. पिशवीत स्टीलचा डबा भरून चिवडा घेतला आणि वर संत्रा बर्फीचा पुडा. पोरीनं पुड्याला हात लावला तर तिच्या हातावर चापट मारली. "तो आता नाही उघडायचा."

सफारी शहराच्या काठावर आहे. ऑटोतून उतरलो तेव्हा साडेदहाही झाले नव्हते आणि एक बस उभी होती. जागा होत्या. तिकीट देणाऱ्यानं विचारलंसुद्धा, लगेच बसता का. नणंद म्हणाली, "नाही, अकराच्या." मग दर दोन मिनिटांनी फोन पाहायला लागली.

मी रांगेजवळचा फलक वाचत बसले. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, पण जोडाक्षर आलं की थांबावं लागतं. प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नये. आरडाओरडा करू नये. दगड मारू नये. वाचता वाचता मी माणसं पाहत होते. अकराच्या बसला पंधरा-वीस जण असतील. कॉलेजची पोरं होती, ती पाहुणे नाहीत. एक नवराबायको तान्ह्या बाळासह होते. एक पन्नाशीला आलेला माणूस दहा वर्षांच्या मुलीचा हात धरून उभा होता, मुलीच्या लोकरी टोपीला मांजरीसारखे कान होते. आणि एक बाई होती, काठाची साडी, हातात घडी केलेला रुमाल, सोबत सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. मुलाचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा होता की माणूस वाघासाठी तसा शर्ट घालत नाही. त्या बाईनं माझ्या पोरीकडे दोनदा पाहिलं. मी मोजलं.

"ताई," मी नणंदेला विचारलं, "ते तुमच्या ओळखीचे होय?"

"कोणते वं?" तिनं दचकून मागं पाहिलं. मग म्हणाली, "मी नाही ओळखत कोणाले." तिचा चेहरा लाल झाला होता. खरं बोलणाऱ्याचा चेहरा लाल कशाला होईल?

बसच्या खिडक्यांना जाळी होती. आम्ही आत जाळीत आणि जनावरं बाहेर मोकळी, हे मला बरोबर वाटलं. नणंद आणि पोरगी एका बाकावर बसल्या, पलीकडच्या बाजूला मी. त्यांच्या पाठीमागं बरोब्बर ती रुमालवाली बाई आणि तिचा मुलगा येऊन बसले. त्यांच्या मागं तो माणूस आणि टोपीवाली मुलगी. पहिलं फाटक उघडलं, बस आत गेली, फाटक मागून लागलं आणि मगच पुढचं उघडलं. मधल्या त्या दोन मिनिटांत मला वाटलं, आता उतरता येणार नाही.

सगळ्यात आधी चितळ दिसले आणि मग रोही. गाईड म्हणाला, "उजव्या बाजूला पाहा, नीलगाय." कॉलेजची पोरं फोन घेऊन उभी राहिली. आमच्या शेतात हेच रोही रात्रीतून तुरीचा पट्टा साफ करतात आणि आम्ही फटाके फोडून त्यांना हाकलतो. इथं लोक तिकीट काढून त्यांना पाहतात. एक नर रस्त्याच्या कडेला उभा होता, जाडजूड, अंगावर एक ओरखडा नाही. मी पोरीला म्हटलं, "याले कोणी दगड नाही मारला कधी."

"आई, इथं त मारू नको," ती हसली.

पुढं अस्वलाचा भाग आला. दोन होती. एक लाकडाच्या ओंडक्याला नाक लावून श्वास ओढत होतं, त्याचा आवाज बसमध्ये ऐकू येत होता, धोतर फाटल्यासारखा. दुसरं कुंपणाच्या कडेनं जायचं, एका दगडापाशी वळायचं आणि परत यायचं. त्याच्या पायवाटेवर गवत उरलं नव्हतं. सगळे म्हणाले, किती मजेदार चालते. मला ते मजेदार वाटलं नाही. पिंजऱ्याची सवय अजून गेली नाही असं वाटलं.

तेवढ्यात नणंद माझ्या पोरीला म्हणाली, "तू मागं जाऊन बस न जरा. त्या लेकराले खिडकी दे, तिले दिसून नाही राहिलं." आणि टोपीवाल्या मुलीला तिनं हात केला. मुलगी बापाकडे पाहून उठली आणि नणंदेजवळ येऊन बसली. माझी पोरगी मागं गेली. बाकावर जागा करून देणारी ती रुमालवाली बाई होती. "ये, बस बेटा," म्हणाली. माझी पोरगी तिच्याशेजारी आणि तिच्या पलीकडे तो इस्त्रीचा शर्ट.

लेकराचा बहाणा करून पोरीला बरोबर तिथं नेऊन बसवली, असं मी मनात म्हटलं. पटावरच्या सुईदोऱ्याची मला आठवण झाली. बाईनं पोरीला काहीतरी विचारलं. पोरीनं सांगितलं. बाईनं मान हलवली. मी कान दिला पण गाडीच्या आवाजात मला फक्त "दुसरं वर्ष" एवढं ऐकू आलं.

बिबट मचाणावर होता. बाकी अंग पानांत आणि शेपटी खाली लोंबत होती, बाजेवरून सुटलेल्या नवारीसारखी. गाईडनं बोट दाखवेपर्यंत कोणालाच दिसला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. माझी नजर मागच्या बाकावर होती.

शेवटी वाघ. एका झाडाखाली आमच्याकडे पाठ करून पडला होता. गाईडनं बस थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "एकदम शांत बसा. आवाज झाला तर उठून जाईल." पुढच्या बाकावरचा एक जण पुटपुटला, "याले इंजेक्शन देऊन ठेवलं असन. हलूनच नाही राहिला." मलाही आधी तसंच वाटलं. मी बराच वेळ पाहत राहिले. पाठ हलत नव्हती, शेपटी हलत नव्हती. पण एक कान हळूच वळला. जिकडून बाळ कुरकुरलं तिकडं वळला, परत सरळ झाला. पाठ करून पडलेला होता, पण बसमधलं सगळं ऐकत होता.

मग मी नणंदेकडे पाहिलं. तीही वाघाकडे तोंड करून बसली होती, मागं एकदाही वळली नाही, पण तिचं सगळं लक्ष मागं होतं. मान ताठ, पदर कानामागं सारलेला. तिचे कान मागच्या बाकांवर होते. तेव्हा माझी खात्री झाली.

मी उठले. मी चार माणसांत बोलत नाही, भिशीतसुद्धा माझ्या वतीनं शेजारीण बोलते. पण पोरीला दिलेला शब्द मला आठवला. मी वाकून त्या बाईच्या कानाशी अगदी हळू म्हणाले, "आमची पोरगी दाखवायची नाही आहे. तिचा कोर्स चालू आहे. तुम्ही पाहायले आले ते माझ्या मर्जीनं नाही."

हळू म्हणाले, पण बस अशी चिडीचूप होती की ड्रायव्हरलाही ऐकू गेलं.

बाई माझ्याकडे पाहत राहिली. "कोणती पोरगी वं बाई? आम्ही त वाघ पाहायले आलो."

तिचा मुलगा म्हणाला, "आई, माझं लग्न झालं म्हणून सांग त्याईले. बायको माहेरी गेली म्हणून तुले घेऊन आलो."

आधी कॉलेजची पोरं हसली, मग सगळे. वाघ उठला, आमच्याकडे न पाहता झुडपात गेला. पुढच्या बाकावरचा तो इंजेक्शनवाला म्हणाला, "घ्या. गेला न वाघ. सोयरीक जुळवाले बस भेटली का तुमाले?" माझी पोरगी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. नणंदेचा चेहरा लाल होता तो आता पांढरा झाला. आणि टोपीवाली मुलगी तिच्याजवळून उठली. आधी नणंदेकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या पिशवीतल्या बर्फीच्या पुड्याकडे, मग मागं बापाकडे. बापाजवळ जाऊन बसली. मला वाटलं, वाघ गेला म्हणून रुसली.

बसमधून उतरल्यावर नणंदेनं मला दंडाला धरून एका झाडाखाली नेलं.

"तू पाहुणे कोणाले समजली वं?"

"मी ऐकलं ताई. पोरीची पसंती झाली म्हणजे झालं, असं तुम्ही फोनवर..."

"पोरीची म्हणजे त्याच्या पोरीची." तिनं तिकडं मान केली. तो पन्नाशीचा माणूस नळावर मुलीचे हात धूत होता. "त्याची बायको वारून चार वर्षं झाली, पोरीले तिची आजी सांभाळते. माझ्या ऑफिसातल्या बाईनं स्थळ आणलं. तो म्हणाला, माझं काही नाही, माझ्या पोरीची पसंती पाहिजे. तिले सांगायचं नाही, वाघ पाहायच्या निमित्तानं आणतो, तिले तुम्ही आवडल्या त बोलू. मी म्हटलं, माझीबी एक अट आहे. माझ्या भाचीची शेवटची परीक्षा होईपर्यंत मी घर सोडणार नाही."

जी गोष्ट मी तिच्यापासून वाचवत होते, ती तिनं आधीच राखून ठेवली होती.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले? तू कोणाले सांगितलं नसतं, मले माहीत आहे. म्हणून त सोबत आणली. पण तू मनात ठेवून मनातच आंबवलं असतं. दोन वर्षं पोरगी माझ्या घरी जेवते, न् मी तिले बसमधी बसवून दाखवीन, असं वाटलं तुले." ती रडली नाही. तिनं पदरानं नाक पुसलं. "आता त्या लेकराले सगळं समजलं. पाह्य न, बोलून नाही राहिली बापासंग."

पोरगी जवळ आली होती. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. निळा ड्रेससुद्धा आत्याची शोभा राहावी म्हणून घातला होता. ती मला एवढंच म्हणाली, "आई, तू मले विचारायचं न." मी मान खाली घातली. आता नणंद म्हणेल, ने तुझी पोरगी, ठेव तिला कुठं ठेवायची ते. ती असं म्हणाली असती तर मी काय बोलणार होते? एक वर्ष राहिलं होतं, आणि ते माझ्या संशयानं बुडणार असं मला दिसत होतं.

तिथं एका भिंतीवर जनावरांच्या पावलांचे सिमेंटचे ठसे लावले होते, खाली नावं. ती मुलगी एकटीच तिथं जाऊन उभी होती, एकेका ठशात आपला पंजा ठेवून पाहत होती. मी तिच्याजवळ गेले. मला कोणी पाठवलं नव्हतं. मी खालचं नाव वाचायला लागले, अ, स्व...

"अस्वल," ती म्हणाली. "माणसासारखा आहे पाय पाहा." मग ठशाकडेच पाहत विचारलं, "मावशी, त्या बाई माझ्या बाबाले पाहायले आल्या का?"

मला पटावरची ती म्हातारी आठवली. मला त्या दिवशी कोणी खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. पण सांगायला पाहिजे होतं.

"नाही," मी म्हटलं. "तू त्याईले पाहायले आली. तुले कोणी सांगितलं नाही, एवढंच."

ती पुढच्या ठशाकडे सरकली. "न् मी नाही म्हटलं त?"

"त नाही."

"खरं?"

"तुझ्या बाबानंच तसं ठरवलं आहे. मी आताच ऐकलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिला ओळखलं. ऐकलेलं लगेच खरं न मानणारी ती नजर माझ्या ओळखीची होती. "त्या रागावतात का?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "आज माझ्यावर रागावल्या. पण चूक माझी होती. माझ्या पोरीवर दोन वर्षांत एकदाच रागावल्या, गॅस चालू ठेवून झोपली होती म्हणून."

तिनं वाघाच्या ठशात हात ठेवला. तो मावून जागा उरली. बापानं हाक मारली तशी ती गेली. निघताना नणंदेनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि डबाच तिच्या हातात दिला. बर्फीचा पुडा तसाच पिशवीत राहिला. मुलीनं डबा घेतला, पण हसली नाही.

परत येताना घर जवळ आलं तेव्हा नणंद माझ्या पोरीला म्हणाली, "उद्या तुझी ड्यूटी सकाळची का दुपारची? डबा दुसरा काढा लागन, मोठा त गेला." ते ऐकून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. माफी मी अजून मागितलेली नाही. त्या रात्री तिच्या वाटणीच्या शेंगाही मी सोलून ठेवल्या, तिला समजलं असेल.

आमच्यात कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून मी गावी आल्यावर रोज पोरीला फोनवर विचारत होते, डबा आला का. एक आठवडा गेला, दुसरा गेला. नणंद काही बोलत नव्हती, पोरगी सांगायची, दारावर कोणी आलं की आत्या आधी उठते.

काल फोन आला. "आई, डबा आला. लाडू आहेत, शेंगदाण्याचे."

मी विचारलं, "लाडू कोणी केले? त्या टोपीवालीनं का तिच्या आजीनं?"

"आई, तू न." ती हसली. "मले काय माहीत?"

"वळलेले कसे आहेत ते पाहून सांग."

तिनं झाकण उघडल्याचा आवाज आला. "एक लिंबाएवढा आहे, एक बोराएवढा. दोन फुटलेले. एकावर बोटं उमटली आहेत."

आजीचे लाडू असे होत नाहीत. पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर मी हे लिहून ठेवते आहे. माझ्या पोरीची शेवटची परीक्षा झाली की मग पुढचं बोलायचं, असं नणंदेचं आणि त्या माणसाचं ठरलं आहे.